एक्स्पान्शन कार्डावर वीज कुठे वाया जाते आणि ती कशी वाचवायची

मदरबोर्डाच्या स्लॉटमध्ये बसणारं कुठलंही कार्ड घ्या, ग्राफिक्सचं, नेटवर्कचं किंवा इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी बनवलेलं सेन्सरचा डेटा घेणारं. त्याला वीज मिळते १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्टवर. त्यावरच्या मुख्य चिपला मात्र लागतो साधारण १ व्होल्ट. मधल्या वाटेत जी वीज चिपपर्यंत न पोचता उष्णता होऊन जाते, तोच पॉवर लॉस. तो एका जागी नसतो. स्लॉटचे कॉन्टॅक्ट, फ्यूज, तांब्याचे ट्रॅक, मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर), इंडक्टर (तारेचं वेटोळं), कपॅसिटर (वीज क्षणभर साठवणारा पार्ट) हे सगळे त्यात थोडा थोडा हात मारतात. म्हणूनच पुष्कळदा मेहनत भलत्याच ठिकाणी खर्ची पडते. महागडा मॉसफेट बसवला जातो आणि त्याच्या पुढचा बोटभर लांबीचा अरुंद ट्रॅक तसाच राहतो.

पुण्याच्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो, नुसता पंखा असलेल्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून गरम असते आणि कार्डावरचं तांबं ८० अंशांच्या पुढे सहज जातं. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २५ अंशांवर केलेलं गणित ८५ अंशांवर जवळजवळ २३ टक्क्यांनी चुकतं. मॉसफेटचं तर त्याहून वाईट: डेटाशीटच्या पहिल्या पानावर छापलेला रेझिस्टन्स २५ अंशांचा असतो, १०० अंशांवर तो सव्वा ते दीडपट होतो. लॉसमुळे उष्णता, उष्णतेमुळे रेझिस्टन्स, रेझिस्टन्समुळे आणखी लॉस, असं हे चक्र आहे. त्यामुळे हिशेब नेहमी गरम तापमानाचा करावा.

स्लॉटमधून मिळतं तरी किती

पीसीआय एक्स्प्रेसच्या १६ लेनच्या, म्हणजे डेटाच्या १६ वाटा असलेल्या, स्लॉटमधून कार्डाला १२ व्होल्टवर जास्तीत जास्त ५.५ अँपिअर, म्हणजे ६६ वॉट घेता येतात. ३.३ व्होल्टवर ३ अँपिअर, म्हणजे साधारण १० वॉट. दोन्ही मिळून मर्यादा ७५ वॉटची. एका लेनच्या कार्डाला सुरुवातीला १० वॉटच मिळतात. स्लॉटच्या मर्यादेहून जास्त लागणार असेल तर पॉवर सप्लायवरून थेट केबल घ्यावी लागते. ६ पिनच्या कनेक्टरवर ७५ वॉट, ८ पिनवर १५०, आणि नव्या १६ पिनच्या कनेक्टरवर ६०० वॉटपर्यंत.

ही मर्यादा गंभीरपणे घ्यायची असते. २०१६ मध्ये एएमडीचं रेडिऑन आरएक्स ४८० हे कार्ड बाजारात आलं, तेव्हा ते स्लॉटमधून ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढतं असं परीक्षणांत दिसलं. कंपनीने १६.७.१ या ड्रायव्हरमध्ये विजेची वाटणी बदलून ते दुरुस्त केलं. स्लॉटमध्ये १२ व्होल्टला पाचच कॉन्टॅक्ट आहेत, म्हणजे पूर्ण करंटला एका कॉन्टॅक्टच्या वाट्याला १.१ अँपिअर येतो. त्यातला एक काळा पडला, तर उरलेल्या चारांवर प्रत्येकी १.४ अँपिअरच्या आसपास करंट जातो. कार्ड चालत राहतं, कोणाला काही कळत नाही, आणि ते चार कॉन्टॅक्ट जास्त तापायला लागतात.

मूळ नियम एकच

तारेत किंवा ट्रॅकमध्ये होणारा लॉस म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स. लॅबच्या भाषेत आय स्क्वेअर आर. वर्ग आहे, हे नीट लक्षात घ्या. कोयनेची वीज पुण्याकडे येताना २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांवरून येते आणि वस्तीजवळ आल्यावरच टप्प्याटप्प्याने खाली उतरवली जाते, ती याच कारणाने. कार्डाच्या वीतभर लांबीतही हाच नियम लागू होतो.

चिपला ६० वॉट हवेत असं धरा. १२ व्होल्टवर त्यासाठी ५ अँपिअर लागतात, १ व्होल्टवर ६० अँपिअर. मधला रस्ता २ मिलिओहमचा आहे. त्यावरून १२ व्होल्टची वीज नेली तर लॉस ०.०५ वॉट. तोच रस्ता १ व्होल्टसाठी वापरला तर ७.२ वॉट. रस्ता तोच, तांबं तेच, फरक १४४ पटींचा. म्हणून कार्डाच्या रचनेत सर्वांत आधी ठरवायची गोष्ट ही: १२ व्होल्ट चिपच्या अगदी शेजारी आणायचे आणि तिथेच खाली उतरवायचे. रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज खाली उतरवणारा सर्किट, ब्रॅकेटजवळ रिकामी जागा दिसली म्हणून तिकडे टाकला आणि चिप दुसऱ्या टोकाला ठेवली, तर नंतर कितीही भारी पार्ट लावले तरी ती चूक भरून निघत नाही.

तांब्याचं गणित कागदावर करता येतं. सर्वसाधारण पीसीबीवर एक औंसाचं, म्हणजे ३५ मायक्रॉन जाडीचं तांबं असतं. त्याच्या कुठल्याही चौरसाचा रेझिस्टन्स, चौरस लहान असो की मोठा, साधारण अर्धा मिलिओहम. ट्रॅक १० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब असेल तर त्यात पाच चौरस बसतात, म्हणजे २.५ मिलिओहम. त्यातून ४० अँपिअर गेले की लॉस ४ वॉट, आणि व्होल्टेज ०.१ ने पडतं. १ व्होल्टच्या चिपला ०.१ व्होल्ट म्हणजे दहा टक्के, बहुतेक चिपा एवढ्यात अडखळतात. हाच ट्रॅक दोन औंसाच्या तांब्याचा आणि दोन लेयरवर समांतर केला की २.५ चं ०.६२५ मिलिओहम होतं आणि लॉस १ वॉटवर येतो.

इथे दोन गोष्टी हमखास नजरेआड होतात. पहिली, परतीचा रस्ता. जेवढा करंट चिपकडे जातो तेवढाच ग्राउंडमधून परत येतो. १ व्होल्टचा ट्रॅक ऐसपैस केला आणि ग्राउंड प्लेनमध्ये, म्हणजे ग्राउंडच्या सलग तांब्याच्या थरात, मधोमध दुसऱ्या सिग्नलसाठी चीर पाडली, तर करंटला वळसा घालून यावं लागतं आणि लॉस तिथे होतो. दुसरी, रिमोट सेन्सची तार. रेग्युलेटर चिपजवळचं व्होल्टेज वाचून आपलं आउटपुट तेवढं वर चढवतो. चिपला बरोबर व्होल्टेज मिळतं, मल्टिमीटरवर १.००० दिसतो, सगळं छान वाटतं. पण ट्रॅकमधला ४ वॉट तसाच जळत असतो. सेन्स लाइन पडलेलं व्होल्टेज भरून काढते, गेलेली वीज परत आणत नाही.

एका लेयरवरून दुसऱ्या लेयरवर नेणारे व्हाया हाही रस्त्याचाच भाग. ०.३ मिलिमीटरचं भोक, २५ मायक्रॉनचं प्लेटिंग आणि १.६ मिलिमीटर जाडीचा बोर्ड असेल तर एका व्हायाचा रेझिस्टन्स साधारण १ मिलिओहम भरतो. ४० अँपिअरसाठी चारच व्हाया ठेवले तर ०.४ वॉट जातात आणि प्रत्येकावर १० अँपिअर येतो, जो एवढ्याशा नळीला झेपणारा नाही. वीस ठेवले तर लॉस ०.०८ वॉटवर येतो. मात्र ते एका ओळीत दाटीवाटीने टाकू नयेत. प्लेनची चाळणी होते आणि करंट काठावरच्या दोन-चार व्हायांतूनच घुसतो. पॅडच्या भोवती पसरून टाकावेत. जास्त करंटच्या पॅडला थर्मल रिलीफचे चार बारीक दांडे ठेवायची सॉफ्टवेअरला सवय असते. ते काढून पॅड थेट प्लेनला जोडावा. मग हाताने सोल्डरिंग करताना तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, सांधा थंड राहतो आणि दाणेदार दिसतो. म्हणून असा बोर्ड आधी १०० ते १२० अंशांवर खालून तापवून घ्यायचा आणि मगच सोल्डरिंग आयर्न लावायचं.

लिनिअर रेग्युलेटर कुठे चालतो, कुठे नाही

लिनिअर रेग्युलेटर म्हणजे तीन पायांचा, स्वस्त, विजेत गोंगाट न करणारा पार्ट. तो वरचं व्होल्टेज सरळ जाळून टाकतो. ३.३ चे १.२ व्होल्ट करताना १ अँपिअर घेतला तर चिपला मिळतात १.२ वॉट आणि रेग्युलेटरमध्ये जातात २.१ वॉट. कार्यक्षमता ३६ टक्के. हेच काम ९० टक्क्यांच्या स्विचिंग रेग्युलेटरने, म्हणजे झटपट चालू-बंद होऊन व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटने, केलं तर लॉस ०.१३ वॉट.

तरीही त्याला सरसकट हद्दपार करू नका. पीएलएल (घड्याळाची गती जुळवणारा सर्किट), घड्याळाचा सर्किट, वेगवान ट्रान्सीव्हरचा (डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाचा) अॅनालॉग भाग यांना स्विचिंगचा खडखडाट चालत नाही. तिथे स्विचिंग रेग्युलेटरने आधी १.५ व्होल्टपर्यंत उतरवायचं आणि शेवटचे ०.३ व्होल्ट लिनिअरने घासायचे. लिनिअरचा टप्पा ८० टक्क्यांचा, आधीचा ९० टक्क्यांचा, एकूण ७२. स्वच्छ वीजही मिळते आणि ३६ टक्क्यांच्या दुप्पट कार्यक्षमताही. इथे फक्त एक पाहायचं: निवडलेला पार्ट ०.३ व्होल्टच्या फरकावर खरोखर चालतो का. जुन्या प्रकारच्या रेग्युलेटरला १ व्होल्टहून जास्त फरक लागतो. त्याला १.५ व्होल्ट दिले तर १.२ बाहेर येतच नाही.

बक कन्व्हर्टरमधला वॉट-वॉट

१२ चा १ व्होल्ट करणारा सर्किट म्हणजे बक कन्व्हर्टर. वरचा मॉसफेट थोडा वेळ चालू, खालचा उरलेला वेळ चालू, मध्ये इंडक्टर. अशा एका संचाला फेज म्हणतात. एका फेजवर २० अँपिअर, म्हणजे २० वॉट, आणि वेग ५०० किलोहर्ट्झ, असं उदाहरण घेऊन प्रत्येक ठिकाणचा लॉस मांडू. कारण नुसतं ‘कार्यक्षमता ९१ टक्के’ म्हटल्याने काय बदलायचं ते कळत नाही.

वरचा मॉसफेट फक्त ८.३ टक्के वेळ चालू असतो, खालचा ९१.७ टक्के. वरचा ५ मिलिओहमचा घेतला तरी त्यातला वहनाचा लॉस ०.१७ वॉटच. खालचा १.५ मिलिओहमचा असूनही ०.५५ वॉट. पण चालू-बंद होताना वरच्या मॉसफेटवर पूर्ण १२ व्होल्ट आणि पूर्ण २० अँपिअर क्षणभर एकत्र येतात. चढ आणि उतार मिळून १० नॅनोसेकंद धरले तर त्यापायी ०.६ वॉट जातात. यावरून निवडीचा नियम निघतो. खाली कमीत कमी रेझिस्टन्सचा मॉसफेट, वर चपळ मॉसफेट, म्हणजे ज्याचा गेट चार्ज, चालू करायला गेटच्या पायाला द्यावा लागणारा चार्ज, कमी आहे असा. खरेदी सोपी व्हावी म्हणून दोन्हीकडे एकच पार्ट लावला जातो आणि वरचा कमी रेझिस्टन्सचा, जड गेटचा मॉसफेट नुसता चालू-बंद होण्यात तापतो.

दोन्ही मॉसफेट एकाच वेळी चालू झाले तर १२ व्होल्ट थेट ग्राउंडला जातील, म्हणून मध्ये काही नॅनोसेकंद दोन्ही बंद ठेवतात. या डेड टाइममध्ये करंट खालच्या मॉसफेटच्या अंगच्या डायोडमधून (वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून), ०.८ व्होल्ट खर्चून जातो. दर फेरीला दोनदा २० नॅनोसेकंद, म्हणजे ०.३२ वॉट. दोन्ही गेट मिळून ५० नॅनोकुलोम चार्ज आणि ५ व्होल्टचा ड्रायव्हर असेल तर गेट हलवण्यात ०.१३ वॉट. इंडक्टरच्या तांब्याचा रेझिस्टन्स अर्धा मिलिओहम धरला तर ०.२ वॉट. बेरीज होते साधारण २ वॉट. २० वॉट पोचवायला २२ लागले, म्हणून ९१ टक्के. इंडक्टरच्या गाभ्यातला लॉस आणि कपॅसिटरमधला लॉस यावर आणखी थोडा.

आता मोह होतो तो वेग कमी करण्याचा. ५०० चे ३०० किलोहर्ट्झ केले की चालू-बंद, डेड टाइम आणि गेट, तिन्हींचे लॉस ४० टक्क्यांनी घटतात, मिळून ०.४ वॉटच्या वर वाचतात. पण इंडक्टर ०.३ मायक्रोहेन्रीचाच ठेवला तर त्यातल्या करंटचं वरखाली होणं ६ अँपिअरवरून १० अँपिअरवर जातं. गाभा जास्त तापतो, आउटपुटवर रिपल, म्हणजे व्होल्टेजची थरथर, वाढतो आणि २० अँपिअरच्या भाराला शिखर २५ अँपिअरवर पोचतं. फेराइटचा इंडक्टर त्याची मर्यादा ओलांडली की एकदम कोसळतो, म्हणजे इंडक्टन्स क्षणात नाहीसा होतो, करंट उसळतो आणि मॉसफेट जातो. त्यामुळे वेग कमी केला तर इंडक्टर ०.५ मायक्रोहेन्रीचा घ्यावा लागतो, तो मोठा असतो आणि त्याच आकारात बसवायचा म्हटलं तर तार बारीक होऊन रेझिस्टन्स वाढतो. कार्डावर उंचीची मर्यादा असल्याने हा तिढा खरा आहे. बहुतेक कार्डांसाठी ३०० ते ६०० किलोहर्ट्झच्या मधली जागा ठीक पडते.

यापेक्षा फेज वाढवणं जास्त फायद्याचं. ४० अँपिअर एका फेजमधून नेले तर वर्ग होतो १६००. दोन फेजमध्ये वाटले तर प्रत्येकाचा ४००, दोन्हींचा मिळून ८००. वहनाचा लॉस सरळ अर्धा. शिवाय उष्णता दोन जागी विभागते आणि रिपल एकमेकांना काही प्रमाणात खोडून काढतात.

इनपुटच्या कपॅसिटरकडे मात्र फार कोणी पाहत नाही. वरचा मॉसफेट करंट सलग घेत नाही, घोट घेतल्यासारखा घेतो. त्यामुळे २० अँपिअरच्या फेजला इनपुट कपॅसिटरमधून सुमारे ५.५ अँपिअरचा आरएमएस (उष्णतेच्या हिशेबाने सरासरी) रिपल करंट वाहतो. कपॅसिटरचा अंतर्गत रेझिस्टन्स १० मिलिओहम असेल तर त्यातच ०.३ वॉट, आणि तो फुगून मरायला हे पुरेसं आहे. मॉसफेटला चिकटून सिरॅमिक कपॅसिटर समांतर लावावेत. पण त्यावर छापलेल्या आकड्याला भुलू नका. १६ व्होल्ट रेटिंगचा, लहान आकाराचा सिरॅमिक कपॅसिटर १२ व्होल्ट लावल्यावर आपली निम्म्याहून जास्त क्षमता गमावू शकतो. डेटाशीटमधला डीसी बायसचा आलेख बघून नग ठरवावेत, आणि शक्य असेल तिथे २५ व्होल्टचे घ्यावेत.

दोन वाटांनी येणारी वीज

नेटवर्क कार्डावर एक वेगळीच अडचण असते. कॉम्प्युटर बंद असतानाही जागं व्हायचं असेल तर स्लॉटमधली ३.३ व्होल्टची सहायक लाइन वापरावी लागते. तिच्यावर ३७५ मिलिअँपिअर मिळतात, तेही कार्डाला जागं करण्याची परवानगी असेल तर. नसेल तर फक्त २०. कॉम्प्युटर चालू झाला की मुख्य ३.३ व्होल्टवर जायचं. दोन्ही लाइन एकमेकींत मिसळू नयेत म्हणून सोपा उपाय करतात तो दोन शॉटकी डायोडचा.

या डायोडवर ०.४ व्होल्ट पडतात. ३ अँपिअर जात असतील तर १.२ वॉट निव्वळ वाया. लॉसपेक्षाही मोठा घोटाळा व्होल्टेजचा आहे. ३.३ व्होल्टला ९ टक्क्यांची सूट असते, म्हणजे स्लॉटवर ३.० व्होल्ट आले तरी ते नियमात बसतं. त्यातून ०.४ गेले की २.६ उरतात आणि ३.३ वर चालणारी चिप मधूनच रिसेट होऊ लागते. दोष सापडत नाही, कारण दुसऱ्या मदरबोर्डावर तेच कार्ड बिनतक्रार चालतं.

डायोडच्या जागी १० मिलिओहमचा मॉसफेट आणि त्याला चालवणारा कंट्रोलर लावला तर ३ अँपिअरला लॉस ०.०९ वॉट, आणि व्होल्टेज पडतं फक्त ०.०३. यात चूक होते ती दिशेची. मॉसफेटच्या आत एक डायोड जन्मजात असतोच. तो कार्डाकडे वाहणारा ठेवायचा, म्हणजे मॉसफेट बंद असताना कार्डाकडची वीज स्लॉटकडे उलटी जात नाही. उलटा बसला तर सहायक लाइनवरची वीज बंद असलेल्या मुख्य लाइनमध्ये शिरते, मदरबोर्डावरचे दिवे मंद पेटलेले राहतात आणि ३७५ मिलिअँपिअरचं बजेट क्षणात संपतं. दोन्ही दिशा पूर्ण बंद हव्या असतील तर दोन मॉसफेट पाठीला पाठ लावून बसवावे लागतात. रेझिस्टन्स दुप्पट होतो, तरी डायोडपेक्षा कितीतरी बरा.

कॉन्टॅक्ट आणि कनेक्टर

१६ पिनच्या कनेक्टरवर ६०० वॉट म्हणजे ५० अँपिअर, सहा पिनांमध्ये वाटले तर प्रत्येकी ८.३. कॉन्टॅक्ट ५ मिलिओहमचा असेल तर एका पिनवर ०.३५ वॉट. प्लग अर्धवट बसला आणि तोच कॉन्टॅक्ट २० मिलिओहमचा झाला तर १.४ वॉट, तोही गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत. २०२२ मध्ये एनव्हिडिया आरटीएक्स ४०९० कार्डांचे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यात प्लग पूर्ण न बसणं हे एक कारण पुढे आलं. नंतरच्या सुधारित कनेक्टरमध्ये सेन्स पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग शेवटपर्यंत आत गेल्याशिवाय कार्ड पूर्ण वीज मागतच नाही. आपण एवढंच करायचं: प्लग खट्ट आवाज येईपर्यंत दाबायचा, कडा आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवायची नाही.

स्लॉटमधल्या सोनेरी कडांवर पुण्याच्या पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली धूळ मिळून थर बसतो. खोडरबराने घासायची पद्धत दुकानांत सर्रास आहे. ती टाळलेली बरी, विशेषतः शाई खोडायचं खरखरीत रबर. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की खालचं निकेल उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात रेझिस्टन्स आधीपेक्षा वाढतो. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं फडकं, एकाच दिशेने दोन-तीन वेळा पुसणं, दहा मिनिटं वाळू देणं. एवढं पुरतं.

काम नसताना जाणारी वीज

कार्ड दिवसातला बराच वेळ रिकामं बसलेलं असतं. तेव्हा वहनाचा लॉस जवळजवळ शून्य असतो, पण गेट हलवण्याचा आणि चालू-बंदचा खर्च सुरूच राहतो. चिप अर्धा वॉट घेत असताना रेग्युलेटर पाव वॉट खात असेल तर ती कार्यक्षमता कसली. म्हणून चांगल्या कंट्रोलरमध्ये हलक्या भाराला जादा फेज बंद करण्याची आणि फेऱ्यांमध्ये अंतर वाढवण्याची सोय असते. बऱ्याचदा ती एका पिनवर अवलंबून असते, आणि ती पिन नमुना सर्किटात जशी बांधलेली दिसली तशीच उचलली जाते. डेटाशीटमध्ये ती पिन शोधा.

किरकोळ गोष्टींचीही बेरीज होते. ३.३ व्होल्टला १ किलोओहमचा पुल-अप (लाइन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) खाली ओढलेला राहिला तर ११ मिलिवॉट जातात. असे पन्नास असतील तर अर्धा वॉट. १० किलोओहमवर काम भागत असेल तिथे तेच वापरावेत. न वापरलेल्या इनपुट पिना मोकळ्या सोडू नयेत. त्या मधल्या व्होल्टेजला तरंगतात आणि आतले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू ठेवतात.

पीसीआय एक्स्प्रेसची लिंक स्वतःही वीज खाते. ती रिकामी असताना झोपवण्याच्या व्यवस्थेला एएसपीएम म्हणतात. एल-झिरो-एस ही हलकी डुलकी, एल-१ खोल झोप, एल-१.२ त्याहून खोल. शेवटच्या अवस्थेसाठी कार्डावरून क्लॉक-रिक्वेस्टची लाइन स्लॉटपर्यंत जोडलेली असावी लागते, आणि स्वस्तातल्या कार्डांवर ती कधी कधी जोडलेलीच नसते. लिनक्समध्ये रूट होऊन एलएसपीसीआय ही कमांड जास्तीच्या तपशिलासह चालवली की लिंकच्या क्षमतेच्या ओळीत कार्डाला काय जमतं ते दिसतं, आणि लिंकच्या नियंत्रणाच्या ओळीत प्रत्यक्षात काय चालू आहे ते. विंडोजमध्ये पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्स्प्रेसखाली लिंक स्टेटची निवड मिळते. एकाच कार्डाने झोपायला नकार दिला तर प्रोसेसरही पुष्कळदा खोल झोपेत जाऊ शकत नाही, म्हणून इथे होणारं नुकसान कार्डाच्या स्वतःच्या वॉटांपेक्षा मोठं असू शकतं. एएसपीएम चालू केल्यावर कार्ड गायब होऊ लागलं किंवा नेटवर्क अडखळू लागलं, तर आधी एल-१.२ बंद करून पाहा, लगेच सगळंच बंद करू नका.

हे सगळं बिलात किती उतरतं? ४० कॉम्प्युटरच्या लॅबमध्ये प्रत्येकी १० वॉट वाचले, दिवसाला ८ तास आणि वर्षाला २५० दिवस धरले, तर ८०० युनिट. युनिट १० रुपये धरलं तर ८,००० रुपये. मोठ्या यंत्रणेत आकडा फुगतो. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने २०१३ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या परम युवा-२ या सुपरकॉम्प्युटरमध्ये इंटेलच्या झिऑन फायची पीसीआय एक्स्प्रेस कार्डं होती, आणि त्या जातीची कार्डं २२५ ते ३०० वॉटची असतात. २५० वॉटच्या शंभर कार्डांवर रेग्युलेटरचा एक टक्का सुधारला, तर २५० वॉट सलग, वर्षाला २,१९० युनिट, आणि ती उष्णता बाहेर काढायचा एसीचा खर्च वेगळा वाचतो.

आधी मोजा

कुठलाही पार्ट बदलण्याआधी कार्डावर व्होल्टेज पडण्याचा नकाशा काढावा. लागतो फक्त साडेचार किंवा पाच अंकी मल्टिमीटर आणि एक स्थिर भार. करंट किती जातो हे माहीत असावं. त्यासाठी रायझर कार्डाच्या (स्लॉट आणि कार्ड यांच्यामध्ये बसणाऱ्या जोडकार्डाच्या) १२ व्होल्टच्या लाइनमध्ये २ किंवा ५ मिलिओहमचा शंट, म्हणजे नेमका रेझिस्टन्स माहीत असलेला रेझिस्टर, टाकावा आणि त्याच्या दोन्ही टोकांवरून, करंटच्या वाटेपासून वेगळ्या दोन तारांनी व्होल्टेज वाचावं. मल्टिमीटरची १० अँपिअरची सोय वापरू नये. तिच्या तारा आणि आतला फ्यूज स्वतःच व्होल्टेज पाडतात आणि आपण कार्डाऐवजी मीटर मोजत बसतो.

मग काळा प्रोब चिपजवळच्या ग्राउंडवर धरून लाल प्रोब एकेक पायरी पुढे न्यायचा. समजा ४ अँपिअर चालू आहेत. सोनेरी कडेवर ११.९२, फ्यूजनंतर ११.८५, इनपुट फिल्टरच्या इंडक्टरनंतर ११.८३, वरच्या मॉसफेटच्या ड्रेनवर (वीज आत येते त्या पायावर) ११.८२. तर फ्यूजवर ०.०७ व्होल्ट गेले, म्हणजे ०.२८ वॉट. सगळ्या इनपुट बाजूत तोच मोठा चोर. रिसेट होणारा पॉलिफ्यूज एकदा उडून परत आला की त्याचा रेझिस्टन्स आधीपेक्षा वाढलेला राहतो, त्यामुळे जुन्या कार्डावर हा आकडा असाच येतो. शेवटी काळा प्रोब स्लॉटच्या ग्राउंडवर आणि लाल चिपच्या ग्राउंडवर ठेवून परतीचा रस्ताही मोजायचा. तो मोजल्याशिवाय नकाशा अर्धाच.

थर्मल कॅमेरा असेल तर उत्तम, पण चकचकीत धातूवर तो खोटं बोलतो. इंडक्टरचं धातूचं आवरण ९० अंशांवर असताना ४५ दाखवू शकतो. मोजायच्या जागी कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा) तुकडा चिकटवायचा आणि टेपचं तापमान वाचायचं. बदल केल्यावर पुन्हा मोजताना तोच भार, तोच पंखा आणि खोलीचं तेच तापमान ठेवावं, आणि निदान वीस मिनिटं चालवून मगच आकडे लिहावेत. थंड कार्डाचे आकडे नेहमीच चांगले येतात.

सुटे पार्ट घेताना शेवटची एक तपासणी. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या तपकीर गल्लीत रेझिस्टर, कनेक्टर, तारा लागलीच मिळतात, पण दीड मिलिओहमचा पॉवर मॉसफेट कुठूनही सुटा घेतलात तर तो बोर्डावर चढवण्याआधी तपासा. जुन्या बोर्डावरून काढून पुन्हा छापलेले पार्ट सुट्या बाजारात सगळीकडेच फिरत असतात. बेंच सप्लायवर करंटची मर्यादा ५ अँपिअर ठेवायची, गेटला सोर्सच्या तुलनेत डेटाशीटमधलं व्होल्टेज द्यायचं, ४.५ किंवा १०, आणि ड्रेन-सोर्सच्या पायांना थेट प्रोब टेकवून मिलिव्होल्ट वाचायचे. ७.५ च्या आसपास आले तर पार्ट खरा. ३०-४० मिलिव्होल्ट आले तर वरचं छापील नाव काहीही असो, तो दुसराच कुठला तरी मॉसफेट आहे, परत करा.